कोयता कोणाच्या दफ्तरी?

दिवाळीच्या पणत्या विझून आठ-पंधरा दिवस लोटतात न लोटतात तोच इंदापूर तालुक्यातील वरकुट्याच्या शिवारात, रस्त्याकडेच्या एखाद्या पडीक तुकड्यावर, कालपर्यंत जेथे केवळ बाभळीची विरळ सावली होती तेथे, बांबूच्या कामट्या वाकवून आणि त्यांवर ताडपत्री ताणून केलेल्या कोप्यांची एक वसाहत एका रात्रीत उभी राहते. पहाटे चारच्या सुमारास तिच्यातून चुलींचा धूर निघतो, आणि उजाडण्यापूर्वीच ती बहुतेक ओस पडलेली असते, कारण तिचे रहिवासी तोवर फडात पोचलेले असतात. गावात त्यांची वार्ता दोन शब्दांत सांगितली जाते: टोळी आली. टोळीत किती माणसे आहेत, हे सहसा कोणी विचारीत नाही. किती कोयते आहेत, हे मात्र आवर्जून विचारले जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला असेल तर तो अर्धा कोयता. बरोबरची पोरे, म्हातारी आणि कोपीत बांधलेली शेळी ही गणतीत धरण्याची चाल नाही.

ही माणसे बहुतांशी बीडकडची, काही अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगाव भागातली, काही जालना-परभणीकडची. ती सीना आणि भीमा ओलांडून या नीरा-भीमेच्या दुआबात येतात व चैत्रपालवी फुटण्याच्या सुमारास परततात. आणि गेली कित्येक दशके हे इतके नियमाने चालले आहे की, आपल्याला ते ऋतुचक्रातलेच एक स्थित्यंतर वाटू लागले आहे. परंतु प्रवाहाची दिशा एकेकाळी नेमकी उलटी होती, हे सांगितले तर वरकुट्याच्या आजच्या बागायतदारास आश्चर्य वाटल्यावाचून राहणार नाही.

पेशवाई जाऊन दहा-बारा वर्षे झाली तेव्हा रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमीनमहसुलाची नवी आकारणी केली. त्यात इंदापूरच्या उथळ, पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या जमिनींवर असा काही आकार बसला की, कुळांना तो देणे अशक्य झाले. जमिनी पडीक पडल्या, गावे रिकामी होऊ लागली, आणि कित्येक कुणबी बाडबिस्तरा उचलून निजामाच्या मुलखात, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या भाषेत मोगलाईत, निघून गेले. या ओसाडीचा तपास करण्यासाठी १८३५ साली गोल्डस्मिड या असिस्टंट कलेक्टरास इंदापुरात पाठविण्यात आले. त्याने आणि लेफ्टनंट विंगेट याने मिळून येथे जी फेरपाहणी केली, तीच पुढे मुंबई इलाख्याच्या साऱ्या रयतवारी बंदोबस्ताचा कित्ता झाली. सातबाऱ्याच्या उताऱ्यामागे जी मोजणीची परंपरा उभी आहे, तिचा एक आरंभ म्हणजे इंदापूरच्या रयतेचे परागंदा होणे होय. ज्या मोगलाईत ती गेली तिच्यातच बीड होते. आणि आज त्याच बीडची माणसे इंदापुरात येतात. भटकणाऱ्या मनुष्याचा विचार सरकारला केव्हा सुचतो, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे: इंदापूरचा कुणबी निघून गेला तेव्हा सरकारचा वसूल बुडत होता, म्हणून तपास झाला. बीडच्या मजुराच्या जाण्यायेण्याने कोणाचाही वसूल बुडत नाही.

दिशा पालटली ती पाण्यामुळे. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला, भाटघरचे धरण बांधले गेले, आणि बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात सासवडकडच्या माळ्यांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस लावला. पुढे १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला व त्या माळाचे वालचंदनगर झाले. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांची मालिका सुरू झाली आणि भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, बिजवडी, शहाजीनगर ही नावे उसाच्या नकाशावर आली. कारखाना आला की ऊस दिवसाला हजारो टन तोडून चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर त्याचा साखर-उतारा घसरतो. एवढे मनुष्यबळ, तेही पाच-सहा महिन्यांपुरतेच, जवळच्या गावांतून मिळणे शक्य नव्हते, आणि मिळाले असते तरी ते स्वस्त पडले नसते. तेव्हा जेथे पाऊस नाही, कालवा नाही आणि खरिपाची बाजरी निघाल्यावर हाताला काम नाही अशा बालाघाटाच्या डोंगरपट्ट्याकडे कारखान्यांची नजर वळली. अवर्षणप्रवण मुलखाने बागायती मुलखाला मजूर पुरवावेत, असा हा अलिखित करार आहे; आणि त्याचा कारकून म्हणजे मुकादम.

मुकादम हा शब्द मूळचा अरबी-फारसी, आणि तो आपल्याकडे मोठ्या मानाचा होता. शिवकालीन कागदांत 'मोकदम' म्हणजे गावचा पाटील, गोतसभेत अग्रभागी बसणारा. त्याच शब्दाची पुढे अशी घसरण झाली की, इंग्रजी अमदानीत तो रस्त्यावर खडी फोडणाऱ्या मजुरांच्या म्होरक्यास लागू झाला, मुंबईच्या गिरण्यांत जॉबर म्हणून वावरला, आणि आता उसाच्या फडात स्थिरावला आहे. तो बहुधा टोळीच्याच गावचा, टोळीच्याच जातीचा, कित्येकदा भावकीतला असतो. मजूर त्याला 'दादा' किंवा 'मामा' म्हणतात. कारखाना त्याच्याशी करारनामा करतो आणि रक्कम त्याच्या हाती देतो. तो पावसाळ्यात, म्हणजे घरात दाणा नसतो नेमक्या त्या दिवसांत, प्रत्येक कोयत्याला उचल वाटतो. ही उचल म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी. ती फेडण्यासाठी हंगामभर ऊस तोडायचा.

या उचलीचे गणित साधे आहे, आणि ते वाचकाने स्वतः मांडून पाहावे अशी माझी विनंती आहे. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ व मजूर संघटना यांच्यात झालेल्या तडजोडीनुसार तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, आणि टनामागे पावणेतीनशेच्या आसपास असलेला दर ३६६ रुपयांच्या घरात गेला. एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली असेल, तर ती फिटण्यासाठी या दराने २७३ टन ऊस तोडून, पाचट साळून, मोळ्या बांधून वाहनात भरला पाहिजे. नवरा-बायको दोघे धडधाकट असतील, फड जवळ असेल, वाहन वेळेवर येईल, तर दिवसाला दोन टन होतात. म्हणजे उचल फिटायला एकही दिवस न चुकता १३७ दिवस लागतात. तेवढे दिवस हंगाम चालला तर ठीक. परंतु कारखाने वाढले, त्यांची गाळपक्षमता वाढली, तेव्हा तेवढाच ऊस आता लवकर संपतो; एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, आणि शंभर दिवसांतच 'पट्टा पडला', म्हणजे हंगाम संपला, अशी हाकाटी होते. मग उरलेली बाकी पुढील वर्षाच्या खात्यावर चढते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून जे चार पैसे मिळतात त्यावर रोजचे तेल-मीठ भागवायचे. आजारपण आले, एखादा दिवस काम चुकले, तर तो खाडा, आणि खाड्याचा दंड वेगळा.

या व्यवहाराला काय म्हणावे, याविषयी विद्वानांत दीर्घ चर्चा झाली आहे. जान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण गुजरातेत आले आणि पुढची पन्नास वर्षे त्याच मुलखातील भूमिहीनांचा माग काढीत राहिले. बारडोलीच्या साखर कारखान्यांवर त्यांनी १९७८-७९ मध्ये लिहिलेला दीर्घ निबंध प्रत्येक मराठी वाचकाने वाचावा अशा योग्यतेचा आहे, कारण त्यातले मजूर आपल्या खानदेशातले, धुळ्याकडचे होते. ज्या बारडोलीत १९२८ साली शेतकऱ्यांनी साराबंदीचा सत्याग्रह करून सरकारास नमविले, त्याच बारडोलीच्या शेतकऱ्यांनी पुढे सहकारी कारखाने काढले आणि तोडणीसाठी परमुलखातून माणसे आणली. जवळचे भूमिहीन घरी बसून असताना दूरचे का आणावे, हा ब्रेमन यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे की, दूरचा मजूर रात्रंदिवस हाताशी असतो, भांडत नाही, गावातल्या कोणाला ओळखत नाही, आणि हंगाम संपला की आपोआप दृष्टिआड होतो. या बांधिलकीला त्यांनी जुन्या वेठीपेक्षा निराळे मानले. जुना हाळी, म्हणजे बांधील शेतगडी, मालकाच्या वाड्याशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला असे, आणि त्या बंधनात दुष्काळात पोटाला घालण्याची काही एक जबाबदारी मालकाकडेही होती. नवे बंधन एका हंगामापुरते, रोख रकमेचे, आणि जबाबदारीतून पूर्ण मोकळे आहे. तेथेही मजुरांच्या जोडीला 'कोयता' हेच नाव होते.

मुंबईच्या गिरण्यांविषयीच्या संशोधनाशी हे ताडून पाहिले म्हणजे एक विलक्षण विरोध लक्षात येतो. गिरणीकामगारही स्थलांतरितच होता. कोकणातून, सातारा-पुण्याकडून, घाटावरून आलेला, चाळीच्या खोलीत गाववाल्यांसह राहणारा, शिमग्याला आणि गणपतीला गावी पळणारा. त्याच्या या पळण्याला फार दिवस दोष दिला गेला: गावाची ओढ सुटत नाही म्हणून तो अस्सल कामगार होत नाही, असे मालक म्हणत आणि सरकारी अहवालही तसेच सूचित करीत. पुढे इतिहासकारांपैकी मॉरिस यांनी या समजाला आव्हान दिले आणि राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात तो जवळजवळ उलटा केला. गाव ही गिरणीकामगाराची दुर्बलता नव्हती, तो त्याचा किल्ला होता. १९२८ चा संप सहा महिने टिकला, तो पुष्कळ अंशी यामुळेच की, संपकऱ्याला गावी जाऊन भाकरी खाता येत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हाही कित्येकांनी गावची वाट धरली. तो संप फसला हे खरे, परंतु तो इतका लांबला तो गावाच्या बळावर.

ऊसतोडणी मजुराचे गाव मात्र त्याचा किल्ला होऊ शकत नाही, कारण कर्ज त्याच गावात घेतलेले आहे आणि सावकार त्याच आळीत राहतो. गिरणीत अन्याय झाला तर गावी पळता येई; फडातून पळाले तर मुकादम गावीच गाठतो. एकाच शब्दाने, 'स्थलांतरित' या शब्दाने, आपण ज्या दोन माणसांचा उल्लेख करतो त्यांच्या भाग्यात इतके अंतर आहे.

आता कायद्याकडे वळू. आणि येथे मला जे सांगायचे आहे ते हद्दीविषयी आहे. ओरिसातील 'दादन' मजुरांचे हाल चव्हाट्यावर आले, त्यांना उचल देऊन दूरदूरच्या बांधकामांवर नेणाऱ्या सरदारांचा बोभाटा झाला, तेव्हा १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला व तो २ ऑक्टोबर १९८० पासून अमलात आला. कायदा वाचताना मन प्रसन्न होते. ठेकेदाराने परवाना घ्यावा, मजुराला छायाचित्रासह नोंदवही द्यावी, जाण्यायेण्याचा प्रवासभत्ता द्यावा, मुक्कामी निवारा व औषधोपचार यांची तजवीज करावी. आणि विशेष म्हणजे, निम्म्या महिन्याच्या पगाराइतका अथवा ७५ रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा विस्थापनभत्ता द्यावा, व तो परत मागू नये. उचल आणि विस्थापनभत्ता दोन्ही मजुराला घर सोडण्यापूर्वीच मिळणाऱ्या रकमा; परंतु एक कर्ज आहे आणि दुसरी हक्क.

हा कायदा ऊसतोडणी मजुरासाठीच लिहिला आहे की काय, असे वाटावे. पण त्याच्या नावातला पहिलाच शब्द आंतरराज्य आहे. बीडचा मजूर बेळगावच्या कारखान्यावर गेला तर तो राज्याची सरहद्द ओलांडतो आणि कायद्याच्या कक्षेत येतो. त्याचाच सख्खा भाऊ, त्याच मुकादमाकडून तेवढीच उचल घेऊन, वरकुट्याला आला तर तो कायद्याच्या दृष्टीने कोठेही गेलेला नाही. दोघांची कोपी सारखी, दोघांचा खाडा सारखा. एक स्थलांतरित, दुसरा जागच्या जागी! गमतीची गोष्ट अशी की, १९५६ पर्यंत बीड हैदराबाद राज्यात होते आणि इंदापूर मुंबई राज्यात. हा कायदा पाव शतक आधी झाला असता तर सीना ओलांडणारा बीडचा प्रत्येक मजूर त्याच्या आश्रयाला आला असता. राज्यपुनर्रचनेने मराठी माणसांना एकत्र आणले, हे थोरच कार्य झाले. परंतु त्या एकत्र येण्यात एका वर्गाच्या पायाखालची, त्याला पुढे उपयोगी पडली असती अशी, सरहद्द पुसली गेली, ही नोंद मी कोठे वाचलेली नाही.

जिल्ह्याची हद्द कायद्याला दिसत नाही असे मी सुचविले, ते अर्धेच खरे आहे. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी झाली आणि एका रात्रीत जिल्ह्याची हद्द ही भारतातील सर्वांत कठोर सरहद्द झाली. हंगाम उलगत आला होता, टोळ्या परतीच्या तयारीत होत्या. त्यांना कारखान्यांच्या तात्पुरत्या छावण्यांत अडकून पडावे लागले. एप्रिलच्या मध्याला राज्य सरकारने त्यांना गावी जाण्याची परवानगी दिली, तेव्हा सांगितलेला आकडा होता ३८ कारखान्यांवरील सुमारे १ लाख ३१ हजार मजूर. ज्यांची एरवी मोजदाद होत नाही त्यांची मोजदाद झाली, ती त्यांना हलता येत नव्हते म्हणून.

मोजदादीचा प्रश्न साधा नाही. राज्यात ऊसतोडणी मजूर किती, याचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत दिले जातात. इतकी मोठी तफावत दुसऱ्या कोणत्या व्यवसायात खपवून घेतली जाईल, असे वाटत नाही. आपली जनगणना फेब्रुवारीत होते. २०११ ची झाली ती ९ ते २८ फेब्रुवारीत, म्हणजे हंगाम ऐन भरात असताना, शिरूर कासार-धारूरकडच्या तांड्यांवर घरांना कुलपे आणि ओट्यावर एखादी म्हातारी असताना. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये अल्पकालीन स्थलांतरिताची जी व्याख्या केली तिच्यात कामासाठी महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत घराबाहेर राहणारा मनुष्य बसतो. हंगाम लांबून सहा महिन्यांच्या पलीकडे गेला तर तो त्याही व्याख्येतून निसटतो. संशोधकापुढेही अडचण असतेच: मजुराच्या गावी जावे तर तो नाही, फडात जावे तर त्याला बोलायला सवड नाही, आणि कोपीत रात्री बोलायला बसावे तर मुकादम शेजारी येऊन बसतो.

आणि स्त्री? ती तर अर्ध्या कोयत्याच्या आड दडलेली. हिशेब जोडीचा, पैसा नवऱ्याच्या हाती, करार असेलच तर त्याच्या नावे. तिच्या श्रमाची स्वतंत्र नोंद कोणत्याही वहीत नाही. ती नोंद अखेर झाली ती दवाखान्याच्या कागदावर. २०१९ मध्ये बीडकडील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली जात असल्याच्या वार्ता आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. दर सहा जणींत एक, असे हे प्रमाण जवळपास येते. महिला किसान अधिकार मंचासारख्या गटांनी केलेल्या अभ्यासांतून याची कारणे उलगडली: पाण्याचा व आडोशाचा अभाव, मोळ्यांचे ओझे, बाळंतपणानंतर लगेच फडात उभे राहणे, दुखणे अंगावर काढणे, आणि मग कर्करोगाची भीती घालून सुचविलेला तो कायमचा इलाज. खाड्याचा दंड त्या इलाजाच्या मागे सावलीसारखा उभा होता. या विषयावर अधिक लिहिण्यापेक्षा तो आकडाच पुन्हा एकदा वाचावा.

संघटनांविषयी लिहिताना गव्हाणीचा उल्लेख केल्याशिवाय गत्यंतर नाही. गव्हाण म्हणजे कारखान्याच्या तोंडाशी असलेला तो सरकता पट्टा, ज्यावर मोळी टाकून हंगामाचा शुभारंभ होतो. गव्हाणीच्या पलीकडे कारखान्याचा कायम कामगार आहे. त्याच्यासाठी १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यताप्राप्त प्रातिनिधिक युनियन आहे, १९५७ पासून वेतन मंडळाची परंपरा आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, बोनस आहे. गव्हाणीच्या अलीकडे, त्याच उसाला हात लावणारा, तोडणी मजूर आहे, आणि त्याचा मालक कोण याचेच उत्तर मिळत नाही. कारखाना म्हणतो, तो मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणतो, मी तर निमित्तमात्र, पैसा कारखान्याचा. शेतकऱ्याला वाटते, तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्या बिलातून वजा होतो, मग मी कोण?

तरीही संघटना झाल्या, आणि त्यांचे श्रेय लहान नाही. पाथर्डीच्या बबनराव ढाकणे यांनी, पुढे गोपीनाथ मुंडे यांनी, तसेच डाव्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी मजुरांना एकत्र केले. आणि त्यांनी संपाचा एक नवा काळ शोधून काढला. ऐन हंगामात संप करणे उचलीच्या ओझ्याखाली अशक्य, तेव्हा संप करायचा तो निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास: कोयता बंद, वाहनात पाऊल नाही. बॉयलर पेटविण्याचा मुहूर्त ठरलेला, ऊस उभा, आणि टोळी गावातून हलत नाही, या पेचातून दरवाढीचे करार निघाले. हे करार लवादाने होत: एका बाजूस बारामतीचे शरद पवार, दुसऱ्या बाजूस परळीचे मुंडे, आणि २०१४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पंकजा मुंडे. लवादाचा एक पाय उसाच्या मुलखात आणि दुसरा कोयत्याच्या मुलखात, ही रचना मोठी समर्पक म्हणावी लागेल. मात्र तिच्यात सरकार बहुधा यजमान असते, पक्षकार नव्हे. कराराने दर ठरतो. तो दर फडात प्रत्यक्ष हाती पडला की नाही हे पाहणारा अंमलदार करारात नसतो.

मालक कोण, या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वीच शोधले होते. मुंबईच्या बंदरांत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहणारा माथाडी हाही सातारा-पाटणकडून आलेला स्थलांतरितच. आज या पेढीवर, उद्या त्या गोदामात. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि त्याने मालकाचा शोध घेणेच सोडून दिले. माल ज्याचा असेल त्याने मजुरी आणि तिच्यावरची वरकड रक्कम मंडळाकडे भरावी, मंडळाने कामगाराला मजुरी, निधी, रजा, औषधपाणी द्यावे. मधला टोळीवाला आपोआप बाजूला पडला. ऊसतोडणीसाठी असे मंडळ का होऊ नये, ही मागणी जुनी आहे. त्या जागी २०२१ पासून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आले आहे. गाळप झालेल्या प्रत्येक टनामागे कारखान्याने दहा रुपये द्यावेत, अशी त्याच्या निधीची व्यवस्था आहे. २०२१-२२ च्या विक्रमी हंगामात राज्यात १,३०० लाख टनांहून अधिक ऊस गाळला गेला. टनामागे दहा रुपये धरले तर केवळ त्या एका वर्षाचे १३० कोटी होतात. मुलांची वसतिगृहे, विमा, ग्रामसेवकाकडून ओळखपत्र, हे त्या महामंडळाचे काम. ते चांगलेच आहे. परंतु मजुरी त्याच्या हातून जात नाही, उचल त्याच्या वहीत चढत नाही, आणि म्हणून मुकादमाचे आसन ढळलेले नाही.

आणि आता नव्या श्रमसंहिता. एकोणतीस कायदे गुंडाळून केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १९७९ चा तो कायदा त्यांतल्या एकीत विलीन झाला. व्याख्या रुंदावली, हे मान्य केले पाहिजे: ठेकेदाराशिवाय आपण होऊन आलेला मजूरही आता स्थलांतरित गणला जातो. परंतु कक्षेत येण्यासाठी पाच मजुरांची अट होती ती दहांची झाली, विस्थापनभत्ता गळाला, वर्षातून एकदा प्रवासखर्च तेवढा राहिला. आणि 'आंतरराज्य' हा शब्द होता तेथेच आहे. औद्योगिक संबंधांच्या संहितेत वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळवायचा तर संघटनेजवळ आस्थापनेच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार हवेत. ज्यांचा हजेरीपटच नाही त्यांच्या संघटनेने ही टक्केवारी कशाची काढावी, हे संहितेत सापडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणी, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे ही घटनेने निषिद्ध केलेली वेठच होय, असा निर्णय दिला होता. तो निर्णय कोणत्याही संहितेने रद्द झालेला नाही, आणि टनावर मजुरी देण्याच्या पद्धतीत रोजचे तास कोणी मोजत नसल्याने तो फडापर्यंत पोचतही नाही.

दरम्यान फडात तोडणीयंत्रे दिसू लागली आहेत, सरकार त्यांना अनुदान देत आहे, आणि सलग, रुंद सरीच्या मोठ्या प्लॉटांत ती दिवसाकाठी कित्येक टोळ्यांचे काम उरकतात. इंदापूरच्या बांधाबांधांनी तुटलेल्या लहान वावरांत ती अडखळतात, म्हणून वरकुट्यात टोळी अजून काही वर्षे येत राहील. ज्या मजुराचा कायदा अद्याप व्हायचा आहे, तो कायदा होईपर्यंत फडातच राहील, याची मात्र शाश्वती देता येत नाही.

काट्यावर वाहन चढले की पावती निघते. तीत शेतकऱ्याचे नाव असते, गटाचा नंबर, उसाची जात, वाहनाचा क्रमांक, तोडणी-वाहतूकदाराचे खाते, भरलेले आणि रिकामे वजन. तोडणाऱ्यांची नावे घालण्याचा रिवाज नाही. पट्टा पडला की मुकादम कोप्यांसमोर बसून हिशेब करतो, बाकी सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी कामट्या-ताडपत्र्या, भांडी, शेळ्या, पोरे वाहनात चढवून टोळी भीमा ओलांडून करमाळ्याच्या बाजूने निघते. सीनेच्या पलीकडे पूर्वी निजामाची करोडगिरीची चौकी असे. तेथे गाडी थांबवून मालाची झडती घेत आणि वहीत लिहीत. आता तेथे चौकी नाही, गाडी थांबत नाही.